साडेचारशे रुपयांचं स्टॉपवॉच, ताम्पेरेच्या चारशे मीटरला लावून पाहिलेलं

घ्यायला हरकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पोलीस भरतीच्या पोरांसाठी उद्याच घड्याळ घ्यायचंय त्यांना पुढचं पुराण वाचायची सक्ती नको. वेळ बरोबर दाखवतं, पडलं तरी फुटत नाही, सेल दीड-दोन वर्षं जातो. बीप बंद होत नाही. मधलं बटण नको तिथं बसवलंय. गळ्यातली दोरी पहिल्याच आठवड्यात बदला.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काळं प्लास्टिक, वर तीन बटणं, मध्ये चौकोनी काच अशी ही घड्याळं सगळीकडं एकसारखीच दिसतात, फक्त वर छापलेलं नाव बदलतं. माझ्या घड्याळावरचं नाव तर दुसऱ्या पावसाळ्यात पुसूनही गेलं. तेव्हा नाव सोडा, वस्तू बघा.

मी कराडजवळच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं पीटी शिकवली. शाळेचं चावीचं स्टॉपवॉच होतं. मोठा काटा तीस सेकंदांत एक फेरी मारायचा आणि सेकंदाचे दहा भाग पाडलेले. बटण असं घट्ट की दाबल्याचं मनगटापर्यंत कळायचं. निवृत्त झालो तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करून, सही करून ते परत दिलं. एकतीस वर्षं खिशात वागवलेली वस्तू क्लार्कनं कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. माझी काही तक्रार नाही, वस्तू शाळेची होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर गेलो तर अंगठ्याला काय करावं ते कळेना.

पोरं यायची थांबली नव्हती. पोलीस भरतीची पोरं निवृत्ती वगैरे मानत नाहीत. "सर, सोळाशेचा टाइम घ्या की." काही दिवस मोबाईलवर घेतला. मोबाईल या कामाला बिनकामाचा आहे. काच गुळगुळीत, बोट घामेजलेलं, दाबलं गेलं की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं, आणि डोळे तर पळणाऱ्यावर पाहिजेत. त्यात ऐन फिनिशला कुणाचा तरी फोन येतो. शेवटी २०१८ च्या मे महिन्यात पुण्यात गेलो होतो तेव्हा एका स्पोर्ट्सच्या दुकानातनं हे घेतलं. दुकानदारानं तीन प्रकार काढून ठेवले. मी तिन्ही कानाशी धरून बटणं दाबली. तो म्हणाला, "काका, बघताय काय, सगळी सारखीच." सारखी नव्हती. दोघांच्या बटणांना आधी बराच ढिलेपणा होता आणि मग क्लिक. या तिसऱ्याला ढिलेपणा कमी. घड्याळ घेताना पहिली गोष्ट ही बघा. पिस्तुलाच्या आधी बोटानं तो ढिलेपणा खाऊन घ्यायचा आणि क्लिकच्या काठावर थांबायचं असतं. काठ लागतच नसेल तर ते घड्याळ लहान पोराला खेळायला द्या.

आता घड्याळ बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं? दोन घड्याळं शेजारी ठेवून तासभर चालवली तर यंत्र बरोबर आहे एवढं कळतं. ते या स्वस्तातल्या घड्याळांचंही बरोबरच असतं, आत क्वार्ट्झ असतो. खरा प्रश्न घड्याळ आणि माणूस मिळून काय वेळ घेतात हा आहे. त्यासाठी अशी शर्यत पाहिजे, जिची खरी वेळ मशीननं लावलेली आहे आणि ती लगेच समोर पाटीवर येते. तालुक्याच्या स्पर्धेत ती सोय कुठली? तिथं आपणच मशीन आणि आपणच पाटी.

योग असा आला की लेक नोकरीसाठी फिनलंडमध्ये ताम्पेरेला, आणि त्याच उन्हाळ्यात तिथं वीस वर्षांखालच्या मुलामुलींची जागतिक स्पर्धा. आम्ही जुनी माणसं तिला ज्युनियर वर्ल्डच म्हणतो. १९८६ ला अथेन्सला पहिली झाली, तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी भरते. लेकीनं १२ आणि १३ जुलैच्या संध्याकाळची तिकिटं काढली. "आप्पा, तुम्हाला चारशे मीटर बघायचीय ना, एक दिवस बायकांची फायनल, एक दिवस पुरुषांची." मी सुटकेसमध्ये चटणीच्या पुड्यांत घड्याळ गुंडाळून नेलं. विमानतळावर बॅग उघडायला लावली. चटणीचं कुणी विचारलं नाही, घड्याळाचं विचारलं.

ताम्पेरे दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वसलंय आणि गावाच्या मधोमध तामेरकोस्की नावाचा ओढा जोरात धावतो. तो जिथं खालच्या तळ्याला मिळतो तिथंच रातिना स्टेडियम. प्रीतिसंगमावर वाढलेल्या माणसाला पाण्याला पाणी मिळताना दिसलं की जरा बरं वाटतं. संध्याकाळी ऊन असं, की आमच्याकडं चारला असतं. लेक म्हणाली, रात्री पावणेअकरापर्यंत सूर्य असतो. घड्याळाच्या काचेसाठी ही चांगली परीक्षा ठरली. तिरप्या उन्हात या काचेवरचे आकडे फिके पडतात, हाताची सावली करावी लागते. नोंद करून ठेवा.

पहिल्या संध्याकाळचा हिशेब आधी देतो, कारण त्यात माझी फजिती आहे.

बायकांच्या फायनलमध्ये आसामची हिमा दास होती. मी घड्याळ तयार ठेवलं. बोटानं ढिलेपणा खाल्ला. स्टार्ट बरोबर घेतला. अर्ध्यावर डावं बटण दाबून स्प्लिट, म्हणजे तिथपर्यंतची वेळही घेतली. ती शेवटच्या वळणातनं बाहेर आली तेव्हा पुढं नव्हती. तिच्या पुढं पोरी होत्या आणि माझ्या मनात मास्तरी हिशेब चालू झाला, की आता कितवी येईल. मग सरळ पट्टा लागला. चारशेत शेवटी कुणी वेग वाढवत नाही, हे मी एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो. सगळेच मंदावतात, जो कमी मंदावतो तो जोरात आल्यासारखा दिसतो. हिमा त्या दिवशी सगळ्यांत कमी मंदावली. हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी उभा राहून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते लेकीला विचारा. ती म्हणते, "आप्पा, तुम्ही 'हाण, हाण' म्हणत होता आणि पुढच्या रांगेतली बाई घाबरून बाजूला सरकली."

५१.४६. जागतिक पातळीवर धावण्याच्या शर्यतीत भारताचं पहिलं सुवर्ण. तिच्याकडं तिरंगा आला, आसामी गमोसा आला. लेकीनं माझा फोटो काढला. त्या फोटोत माझ्या छातीवर घड्याळ लोंबतंय. खाली बसलो, रुमालानं तोंड पुसलं आणि सहज घड्याळाकडं बघितलं तर ते चालूच. चार मिनिटं, सदतीस सेकंद आणि पळतंय. हिमा दासच्या सुवर्णपदकाची माझ्या घड्याळातली वेळ चार मिनिटांच्या वर आहे. यात घड्याळाचा दोष नाही.

त्याच संध्याकाळी या घड्याळाचा खरा दोष मात्र कळला. दर तासाला ते टिंग करतं. ती टिंग बंद करायची खूण पत्रकात दिलीय, ती माझ्या घड्याळाला लागू पडत नाही. आत घड्याळाची वेळ मी भारताचीच ठेवली होती, आणि फिनलंड आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच तास मागं. म्हणजे तिथं ते दर अर्ध्या ठोक्याला वाजायचं. कुठल्यातरी शर्यतीला पोरं ब्लॉकमध्ये बसलेली, 'सेट' झालेलं, हजारो माणसं चिडीचूप, आणि माझ्या छातीवर टिंग. मैदानापर्यंत काही गेलं नसणार, पण आसपासच्या दहा-बारा माना वळल्या. डावीकडं एक फिनिश आजोबा बसले होते. त्यांनी माझ्याकडं नाही, घड्याळाकडं बघितलं. त्यांच्या हातात काय होतं माहितीय? चावीचं. चांदीच्या रंगाचं, काचेला ओरखडा गेलेलं.

दुसऱ्या दिवशी ते परत तिथंच होते, आणि आम्ही एकमेकांना मान डोलावली. भाषा म्हणाल तर त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे नाहीच. पण चारशेच्या आकड्यांना भाषा लागत नाही. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीनं नावांपुढं आकडे लिहून ठेवले होते. जमैकाच्या ख्रिस्तोफर टेलरच्या नावापुढं बोट ठेवून त्यांनी भुवया वर केल्या. मीही केल्या. या पोरानं २०१५ ला कोलंबियातल्या काली गावच्या जागतिक युवा स्पर्धेत चारशे मीटर ४५.२७ मध्ये मारली होती, वय पंधरा. पंधराव्या वर्षी आमच्याकडची पोरं दोन राउंड पूर्ण करून उलटी आली नाही की खूश असतात.

ज्युनियर म्हणून कुणी हलक्यात घेऊ नये. १९८८ ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा स्टीव्ह लुईस एकोणीस वर्षांचा असताना ४३.८७ मध्ये सुवर्ण घेऊन गेला. ग्रेनाडाचा किराणी जेम्स २०१० ला कॅनडातल्या मॉन्क्टनमध्ये याच स्पर्धेत पहिला आला आणि २०१२ ला लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन गेला. त्यामुळं अशा फायनलला आठ पोरं उभी राहतात तेव्हा मी कुणालाही पोर म्हणत नाही.

उभी राहतात तीही तिरपी. चारशेला स्टार्ट एका रेषेत नसतो, बाहेरच्या लेनला पुढं धरावं लागतं. दुसरी लेन ७.०४ मीटर, आठवी ५३.०३ मीटर. हे आकडे मला पाढ्यासारखे पाठ आहेत, कारण स्पर्धेच्या आदल्या रात्री टेप धरून फक्कीनं ते मीच मारत आलोय. आणि दर वर्षी कुणाचा तरी बाप येऊन विचारतो, "सर, त्या कडेच्या पोराला एवढं पुढं का?" त्याला मी आता सांगतो की जा, आठव्या लेनला उभं राहून बघ. समोर कुणी नाही, मागं सात जणांची पावलं.

माझी जागा फिनिशच्या रेषेपासून थोडी अलीकडं आणि वर होती. टायमिंगला बसणाऱ्यांनी रेषेच्या अगदी सरळीत बसायचं असतं, नाहीतर नजर फसते. मी ते मनात धरलं होतं. चारशेचा एक फायदा असा की स्टार्ट आणि फिनिश जवळजवळ एकाच ठिकाणी. शंभरला पिस्तूल शंभर मीटर लांब असतं. आवाज पोहोचायलाच जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात, म्हणून आम्हाला शिकवलेलं असतं की आवाजावर दाबू नका, धुरावर दाबा. तर मी डोळे फाडून धूर शोधतोय, आणि धूर आलाच नाही. हल्ली पिस्तूल विजेवरचं, आवाज प्रत्येक ब्लॉकच्या मागच्या स्पीकरमधनं. धूर बघायची एकतीस वर्षांची सवय, त्यामुळं मी आवाजावर दाबलं आणि कणभर उशीर झाला असणार. शेजारी आजोबांच्या अंगठ्याची हालचाल मला कडेनं दिसली. त्यांचाही तेवढाच उशीर.

बॅक स्ट्रेटला, म्हणजे पलीकडच्या सरळ पट्ट्याला, सगळे आपापल्या लेनमध्ये मोकळे सुटल्यासारखे. इथं चारशेचा खोटेपणा असतो. पहिल्या दोनशेला पाय हलके वाटतात आणि प्रत्येकाला वाटतं आज आपलाच दिवस. चांगला चारशेवालाही दुसऱ्या दोनशेला पहिल्यापेक्षा सेकंद-दोन सेकंद जास्त घेतो. कुणी किती उधळलं आणि कुणी किती राखलं हे डोळ्यांना कळत नाही, ते स्प्लिटमध्येच कळतं. म्हणून स्टॉपवॉचचं डावं बटण उजव्यापेक्षा मोलाचं, असं माझं मत. दोनशेच्या स्टार्टच्या रेषेवर टेलर आला की दाबायचं, असं ठरवून मी बोट सरकवलं.

आणि मधलं बटण दाबलं गेलं.

ते बटण मोड बदलायचं आहे. डाव्या-उजव्याच्या बरोब्बर मध्ये, त्याच उंचीचं, त्याच आकाराचं. काचेवर चारशे मीटर गायब आणि कराडला रात्रीचे किती वाजलेत ते दिसायला लागलं. मी परत दाबलं तर गजर. परत दाबलं तर तारीख. तोवर ती आठ पोरं शेवटच्या वळणावर. जागतिक फायनलचं दुसरं वळण, म्हणजे शर्यतीचा गाभा, मी मान खाली घालून एका प्लास्टिकच्या डबीत घालवलं. कुणी कुठं कुणाला गाठलं ते मला विचारू नका.

चौथ्यांदा दाबल्यावर स्टॉपवॉच परत आलं, आणि इथं या घड्याळाचं कौतुक करायला पाहिजे. मोड बदलला तरी आत वेळ मोजणं थांबत नाही. आकडे पळतच होते. मान वर केली तर सरळ पट्ट्यावर बेल्जियमचा जोनाथन साकूर पुढं. टेलर मागं, तोंड वाकडं झालेलं. शेवटच्या तीस-चाळीस मीटरला जे होतं ते ज्यानं चारशे मारलीय त्यालाच कळेल. मांडीत कुणीतरी सिमेंट ओतल्यासारखं होतं, हात खांद्याच्या वर येत नाहीत, मान मागं जाते. साकूरचीही चाल जड झाली होती, पण बाकीच्यांपेक्षा कमी. मी रेषेवर नजर खिळवली. छाती रेषेला लागली की दाबायचं. डोकं नाही, हात नाही, पाय नाही, छाती. दाबलं.

चारशे मीटर बघायला आलेले आम्ही दोन म्हातारे, आणि फिनिश झाल्या झाल्या दोघांच्या माना खाली. जिंकणाऱ्या पोराकडं बघायचं सोडून आपापल्या अंगठ्याकडं. माझ्याकडं ४४.८६. आजोबांनी काटा डोळ्याजवळ नेला, ओठ मुडपले आणि पेन्सिलीनं पत्रिकेवर लिहिलं, ४४.९. मग मी काच त्यांच्यापुढं धरली. त्यांनी शेवटच्या सहावर नख ठेवलं आणि बोट वरच्या दिशेनं हलवलं. बरोबर. हाताच्या वेळेला शंभरावा भाग नसतो, तो पुढच्या दशांशावर न्यायचा. म्हणजे माझेही ४४.९. तेवढ्यात पाटीवर आलं. साकूर ४५.०३. टेलर ४५.३८. तिसरा जमैकाचाच शॉन्ट्झ सॉयर्स, ४५.८९. पहिल्या-दुसऱ्यात साधारण तीन मीटरचं अंतर, म्हणजे चारशेत बरंच. हाच साकूर पुढच्या महिन्यात बर्लिनला युरोपियन स्पर्धेत बोर्ले भावांबरोबर बेल्जियमच्या रिलेत पळाला आणि तिथंही सुवर्ण.

पण माझं डोकं त्या आकड्यातच अडकलं. मी ४४.८६, मशीन ४५.०३. फरक सतरा शतांश. घड्याळ खोटं आहे का? नाही. माणूस स्टार्टला दचकून मग दाबतो, म्हणून उशीर होतो. फिनिशला मात्र पळत येणारा माणूस आधीपासून दिसत असतो, बोट तयार असतं, तिथं उशीर होत नाही. म्हणून हाताची वेळ नेहमी कमी भरते, पळणाऱ्याच्या बाजूनं. नियमात चारशेला हाताच्या आणि मशीनच्या वेळेतला हा फरक ०.१४ धरतात, शंभर-दोनशेला ०.२४. १९६० ला रोमला ओटिस डेव्हिस जिंकला तेव्हा हातानं ४४.९ आणि मशीननं ४५.०७, म्हणजे सतराच. आपले मिल्खा सिंग चौथे, हातानं ४५.६, मशीननं ४५.७३. रोमच्या टायमरांचा आणि माझा अंगठा एकाच जातीचा निघाला म्हणायचा. १९७७ पासून चारशेपर्यंतच्या शर्यतींचे जागतिक विक्रम मशीनच्याच वेळेवर धरतात, ते उगीच नाही.

तेव्हा परीक्षणापुरतं उत्तर असं. साडेचारशे रुपयांच्या या घड्याळानं आणि अडुसष्ट वर्षांच्या अंगठ्यानं मिळून जागतिक फायनलची वेळ अपेक्षित चुकीत पकडली. शेजारच्या चावीच्या घड्याळानंही दशांशापर्यंत तेच सांगितलं. यापेक्षा जास्त या किमतीत मागू नये.

पण घरी आल्यावर मी जुनी वही काढली. त्यात सगळ्या पोरांच्या वेळा आहेत, आणि एका वेळेखाली दोन रेघा. जिल्हा स्पर्धा, मुलं, चारशे मीटर, ४९.८. आमच्या शाळेचा पन्नासच्या आतला एकुलता एक पोरगा. त्याच्यावर मी किती भाषणं केलीत याला गणती नाही. मला तो दिवस लख्ख आठवतो. काटा दुसऱ्या फेरीत एकोणीसच्या पुढं, आठ आणि नऊच्या रेघांमध्ये थांबला होता. आठ आणि नऊच्या मध्ये. मी आठ लिहिलं. पोरगं पायाशी आडवं पडलेलं, बाकीची पोरं वहीत डोकावतायत, कोण नऊ लिहील?

नियमानं ४९.९. त्यात ०.१४ मिळवा. ५०.०४.

तो आता पोलीसमध्ये आहे, दोन पोरांचा बाप. फोन करून सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "सर, आता कशाला उकरताय. सासऱ्याला पन्नासच्या आत सांगून लग्न केलंय मी." वहीत मी खाडाखोड केली नाही. शेजारी पेन्सिलीनं 'हातानं' एवढं लिहिलं.

आता राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. दहा लॅप लक्षात ठेवतं, आणि नंतर एकेक करून दाखवतं. आमच्या ग्राउंडवर सोळाशेला आठ राउंड होतात, तेव्हा दहा पुरतात. पोराला पळून झाल्यावर आठही आकडे दाखवले की त्याला बोलायची गरज पडत नाही. पहिला राउंड आणि सहावा राउंड शेजारी दिसले की तो आपोआप गप्प होतो. ज्यांचं ग्राउंड याहून लहान आहे त्यांनी जास्त लॅपचं घ्यावं. मागची झाकणी चार बारीक स्क्रूंची, चष्म्यावाल्याकडचा स्क्रूड्रायव्हर लागतो. एक स्क्रू माझ्याकडून पडलाच, तिथं आता चिकटपट्टी आहे. पाण्यात टाकू नका, घामाला काही होत नाही. सोबतची दोरी मऊ दिसते पण मानेला काचते. मी बुटाची नाडी लावलीय.

मधल्या बटणावर उपाय सापडला. सायकलच्या पंक्चरचा रबरी तुकडा गोल कापून त्याभोवती चिकटवलाय, म्हणजे बोट चुकून तिथं गेलं तर खडबडीत लागतं. ताम्पेरेनंतर एकदाही चुकलं नाही. २०२१ ला नैरोबीच्या स्पर्धेत बोत्स्वानाच्या अँथनी पेसेलानं ४४.५८ मारली ती मी घरात मोबाईलवर बघत टाइम केली. आमच्या नेटवर चित्र मध्येच थबकलं आणि माझी वेळ सेहेचाळीसच्या पुढं गेली. त्या वेळेला मी वहीत घेतलं नाही. स्टॉपवॉच डोळ्यांसमोरच्या माणसासाठी आहे, पडद्यासाठी नाही.

पाचपैकी साडेतीन. टिंग बंद झाली असती तर चार दिले असते. आता निदान ते बरोब्बर तासाला वाजतं. सकाळी सहाला ग्राउंडवर टिंग झालं की पोरं आपोआप रेषेवर येऊन उभी राहतात, त्यामुळं शिट्टी मी घरीच ठेवतो. तरीही ती बंद करायची युक्ती कुणाला माहीत असेल तर सांगा, सुनेला दुपारची झोप लागत नाही.